तिसऱ्या ओळीतला हिरवा

फॉर्मवर कोर्सचं नाव लिहिताना
'डिजिटल'ला वेलांटी पहिली की दुसरी
यावर बाबा आणि क्लार्क दोघेही अडले.
बाकी कशावर कोणी अडलं नाही.
फीचा आकडा बाबांनी दोनदा वाचला
आणि पेनाचं टोपण शोधत राहिले.
ते पेनालाच होतं, मागच्या बाजूला.

नंतर बारशात, साखरपुड्यात,
जेल रोडच्या भाजीवालीपाशी एकच प्रश्न:
म्हणजे नेमकं काय करते पोरगी?
आई म्हणायची, कम्प्युटर.
तेवढ्यात जुडी निवडून व्हायची.

पहिल्या सहामाहीत मी शिकले
की पडद्यावरचा काळा पुरता काळा नसतो.
की एका सेकंदात पंचवीस फ्रेम,
त्यातली एक काढली तर कोणाला दिसत नाही,
फक्त पोटात कुठेतरी
पायरी चुकल्यासारखं होतं.
आणि हेही, की बिटकोपासून दोन बस बदलून
गंगापूर रोडला पोचेस्तोवर
लॅबमधली चांगली मशीनं गेलेली असतात.
उरतं खिडकीजवळचं,
ज्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो.

ओझरकर सर म्हणाले, तीन मिनिटांची फिल्म करा,
विषय तुमचा, रंग मात्र जुळले पाहिजेत.
फरहीननं तांबट आळीतले हातोड्याचे ठोके घेतले.
मी द्राक्षं घेतली.
नाशिकचा आळशी विद्यार्थी द्राक्षंच घेतो,
असं सर नंतर म्हणाले.
खरं होतं.

रात्री घरी सगळे शॉट एकदम मांडून बसले होते,
लहान लहान चौकटी, ओळीखाली ओळ.
शेजारी आत्या गुडघ्याला तेल चोळत होती.

कुमुद आत्या. नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं.
जाताना पर्स बाहेर, येताना झडती,
आणि मधल्या वेळात
हाताखालून सरकणारं सगळं दुसऱ्याचं.
तिचं काम चूक शोधायचं:
फाटलेली रेघ, फुटलेली शाई,
एका छटेनं उतरलेला रंग.
बरोबर छापलेली नोट तिनं कधी पाहिलीच नाही,
ती नुसती पुढे जायची,
लोकांच्या खिशात.

चष्मा कपाळावर तसाच ठेवून म्हणाली,
"तिसऱ्या ओळीतला हिरवा मेलाय."

कुठला?

"डावीकडून दुसरा. पिवळा कमी पडलाय त्यात.
शेवटचा बघ, उगाच नटलाय."

मी आलेख उघडला.
थरथरत्या रेघांच्या त्या गर्दीत
पिवळा खरंच बोटभर खाली बसलेला.
वर घेतला.
"अजून."
घेतला.
"बास. आता जरा मागे ये."
आले.
"हं."

तुला कसं कळतं गं?
म्हणाली, कळत नाही, खुपतं.
सारखं सारखं बघत राहिलं
की वेगळं असेल ते आपणहून हाक मारतं.
मग तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवत,
"आम्ही चुकलेलं शीट बाजूला टाकायचो.
तुम्ही काय करता?"
आम्ही तेच दुरुस्त करतो, मी म्हणाले.
"मजाय," ती म्हणाली,
आणि बराच वेळ
त्या एका घडाकडे बघत राहिली,
निवृत्तीनंतर पहिल्यांदा
बरोबर असलेल्या कशाकडे तरी.

फिल्मच्या शेवटी तिचं नाव घालू म्हटलं, तर नको.
एकतीस वर्षं कुठे होतं नाव?
त्यापेक्षा पगार किती मिळतो ते सांग.
ते मलाही माहीत नव्हतं.
अजून नाही.

सरांनी कागदावर लिहिलं: रंग उत्तम, विषय शिळा.
दहापैकी सात.

परवा भाजीवालीनं पुन्हा विचारलं.
आई 'कम्प्युटर' म्हणायच्या आत
मेथीची पिवळी पानं खुडता खुडता
आत्याच बोलली:
आमच्याच खात्यात आहे ती.
चेकिंगला.